पॉल मॅकार्टनीची बदली: लपवायचं होतं तर खुणा कशाला सोडल्या?

मधुरा_ठाणे

मंडळी, विषय थोडा उनाड आहे, पण इथे बीटल्सवेडे बरेच आहेत म्हणून धागा काढतेय.

'पॉल इज डेड' ही अफवा बहुतेकांच्या कानावर असेल. नसेल त्यांच्यासाठी कथानक असं: नोव्हेंबर १९६६ मध्ये बीटल्स या चौघांच्या ब्रिटिश बँडमधला पॉल मॅकार्टनी स्टुडिओतून भांडून निघाला, गाडी ठोकली, जागच्या जागी गेला. बाकीच्या तिघांनी (जॉन, जॉर्ज, रिंगो) बोभाटा होऊ दिला नाही. त्याच्यासारखा दिसणारा कोणी विल्यम कॅम्बेल (काहींच्या मते बिली शिअर्स) गाठला आणि तेव्हापासून आजतागायत तोच पॉल म्हणून गातोय.

पुराव्यांचा तर ढीग. 'ॲबी रोड' या त्यांच्या रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर जॉन पांढऱ्या कपड्यांत म्हणजे पाद्री, रिंगो काळ्या सुटात म्हणजे अंत्यविधीवाला, जॉर्ज डेनिममध्ये म्हणजे कबर खणणारा, आणि पॉल अनवाणी म्हणजे मयत. शिवाय डावखुऱ्या पॉलच्या उजव्या हातात सिगरेट. मागे उभ्या फोक्सवॅगनचा नंबर एलएमडब्ल्यू २८१एफ. त्यातला शेवटचा भाग '२८ इफ' असा वाचायचा, म्हणजे 'असता तर २८ वर्षांचा असता'.

माझा प्रश्न वेगळाच आहे. समजा, झालं असं. धंदा बुडू नये म्हणून माणूस बदलला, त्याच्या घरच्यांना गप्प केलं, डॉक्टर-पोलीस सांभाळले. मग हीच माणसं प्रत्येक रेकॉर्डवर खुणा का सोडत बसली? चोरी करायची आणि जाताना घरमालकाच्या दाराला आपलाच पत्ता चिकटवून यायचं, असला प्रकार! ज्यांना ही कथा पटते ते यावर काय म्हणतात? आणि पटो न पटो, पन्नासच्या वर वर्षं झाली, हे मरत का नाही?

शेंगदाणा

पॉल मेला असेल नसेल, विषय अमर आहे. चहा टाकून बसतोय.

तबकडीवाला

चांगला धागा. आधी मुखपृष्ठाचं बघू, कारण सगळे तिथेच अडकतात.

फोटो ८ ऑगस्ट १९६९ चा, इयन मॅकमिलन या छायाचित्रकाराने काढलेला. रस्त्याच्या मधोमध शिडी लावली, पोलिसाने रहदारी थोपवली, चौघे झेब्रा क्रॉसिंगवरून इकडून तिकडे गेले-आले. एकूण सहा फोटो, काम दहाएक मिनिटांत आटोपलं. दिवस उन्हाळ्याचा होता. पॉल घरून सॅंडल घालून आला होता, पहिल्या फोटोंत ते पायांत दिसतात. पुढे त्याने काढून टाकले. त्याचं घर तिथून चालत जाण्याइतकं जवळ होतं. सहापैकी पाचवा निवडला, कारण त्यात चौघांच्या पायांची कैची झकास पडलीये. म्हणजे कट रचणाऱ्यांनी सॅंडलवाले फोटोही काढून ठेवले आणि नंतर विचार बदलला, असं मानावं लागतं.

गाडी तिथल्याच एका रहिवाशाची, रोजच्यासारखी उभी केलेली. रेकॉर्ड गाजल्यावर तिची नंबर प्लेट लोक पुनःपुन्हा चोरून न्यायचे. या सगळ्या कटात खरा त्रास कोणाला झाला असेल तर त्या माणसाला.

आता २८ चा हिशोब. पॉलचा जन्म १८ जून १९४२ चा. रेकॉर्ड आली २६ सप्टेंबर १९६९ ला. म्हणजे तो २७ वर्षांचा असता. हिशोब चुकतोय हे लक्षात आल्यावर भक्तांनी काय तोड काढली असेल? म्हणे बीटल्स भारतीय अध्यात्माच्या नादी लागले होते, आणि भारतात वय गर्भधारणेपासून मोजतात!

वहिनीसाहेब

कशाला गर्भापर्यंत जायचं. सत्तावीस पूर्ण, अठ्ठाविसावं चालू! आमच्या सासूबाई सगळ्यांची वयं अशीच सांगतात. नंबर प्लेटवाला आपल्याकडचाच असणार.

खवट_खोबरं

आपल्याकडचा असता तर मागच्या काचेवर 'आईची कृपा' नसतं का लिहिलं?

शेंगदाणा

हसून हसून पुरेवाट. वहिनी, एका वाक्यात निकाल लावलात.

डॉ_कर्णपिशाच्च

बीटल्सच्याच 'सार्जंट पेपर' या रेकॉर्डच्या आतल्या फोटोत पॉलच्या बाहीवर एक बिल्ला आहे, तो कोणी काढला नाही अजून. भक्त तो 'ओपीडी' असा वाचतात आणि सांगतात की 'ऑफिशियली प्रोनाउन्स्ड डेड', म्हणजे मृत घोषित. प्रत्यक्षात तो ओपीपी आहे, कॅनडातल्या ओंटारिओच्या प्रांतिक पोलिसांचा. कापडाला घडी पडल्यामुळे शेवटचं अक्षर नीट दिसत नाही.

पण मी म्हणतो ओपीडी तर ओपीडी! आमच्याकडे ओपीडीत गेलेल्याला केसपेपर काढून, गोळ्या देऊन घरी पाठवतात. ॲडमिटसुद्धा केला नाही, मेला कुठला.

गनिमी

सगळे हसताय, हसा. मी भक्त नाही, पण दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी.

१) २००९ मध्ये 'वायर्ड' मासिकाच्या इटालियन आवृत्तीने दोन तज्ज्ञांना पॉलच्या आधीच्या आणि नंतरच्या फोटोंवरून कवटीची मोजमापं घ्यायला लावली. दोघे अफवा खोडून काढायला बसले होते, आणि जबडा, टाळू, कान यांतल्या फरकांनी चक्रावले. २) १९६६ च्या शेवटी अचानक मिशी कशी? ३) ऑगस्ट १९६६ नंतर यांनी दौरे बंद का केले? लोकांसमोर उभं राहायची हिंमत का होईना?

तबकडीवाला

तिसऱ्याचं आधी. २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोला दौऱ्यांतला शेवटचा कार्यक्रम झाला, हे बरोबर. पण तुमच्याच कथेत पॉल नोव्हेंबरमध्ये मरतो. मग ऑगस्टमध्ये दौरे बंद करायला त्यांना काय स्वप्न पडलं होतं? त्या वर्षी फिलिपिन्समध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीच्या मेजवानीला गेले नाहीत म्हणून विमानतळावर धक्काबुक्की झाली. अमेरिकेत जॉनच्या 'येशूपेक्षा लोकप्रिय' या बोलण्यावरून रेकॉर्डींच्या होळ्या झाल्या. वर मैदानांत किंकाळ्यांपुढे स्वतःचं वाजवणं स्वतःला ऐकू येईना. अशात कोणीही घरी बसेल.

मिशी: डिसेंबर १९६५ मध्ये पॉल लिव्हरपूलला मोपेडवरून पडला. दाताचा टवका उडाला, वरचा ओठ फाटला. पुढे त्याने मिशी राखली. म्हणजे अपघात झालाच नव्हता असं नाही. झाला, मोपेडवर झाला, आणि फार तर ओठावर निभावला.

डॉ_कर्णपिशाच्च

कवटीबद्दल मी बोलतो. छापील फोटोवरून हाडांची मोजमापं काढायची तर कॅमेरा किती अंतरावर होता, भिंग कोणतं होतं, मान किती वळली होती हे सगळं कळायला हवं. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. आपल्या आधार कार्डावरचा फोटो आणि लग्नाच्या अल्बममधला फोटो घेऊन बसा, इटलीपर्यंत जावं लागणार नाही.

खवट_खोबरं

आधार कार्डावरचा मी नाहीच. हे मी बरीच वर्षं सांगतोय.

फोंड्याचो

मिशीचा विषय निघालाच आहे तर आमच्या बाजूची एक गोष्ट. १९६६ च्या शेवटी एकट्या पॉलला नाही, चौघांनाही मिशा फुटल्या होत्या. त्यातली जॉर्जची मिशी मुंबईसाठी होती. सप्टेंबर १९६६ मध्ये तो रविशंकरांकडे सतार शिकायला आला, ताजमध्ये उतरला. कोणी ओळखू नये म्हणून मिशी राखून, केस कापून ये, असं रविशंकरांनी बजावलं होतं. तरी हॉटेलच्या लिफ्टवरच्या पोराने ओळखला! झालं, बाहेर गर्दी, पत्रकार, टेलिफोन. शेवटी पत्रकार परिषद घेऊन 'बाबांनो, मी बीटल म्हणून नाही, विद्यार्थी म्हणून आलोय' असं सांगायची पाळी आली आणि मग दोघे काश्मीरला निघून गेले.

लिफ्टमध्ये वर जाईपर्यंत जो वेळ मिळतो तेवढ्यात आपल्या पोराने मिशीआडचा खरा बीटल पकडला. आणि लंडनमध्ये नकली बीटल वर्षानुवर्षं फिरला तर कोणाला पत्ता नाही?

(जाता जाता: जॉर्ज जानेवारी १९६८ मध्ये पुन्हा मुंबईत आला, एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्याकडच्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करायला. 'दि इनर लाइट'चं सगळं वाद्यकाम तिथलं आहे. ते गाणं ऐकताना मला लंडन आठवतच नाही.)

मधुरा_ठाणे

फोंड्याचो, लिफ्टवाल्याचा मुद्दा वहीत लिहून ठेवला!

वहिनीसाहेब

मला एक सांगा, त्या जेन ॲशरचं काय? तिचा आणि पॉलचा साखरपुडा डिसेंबर १९६७ ला जाहीर झाला. म्हणजे तुमच्या हिशोबाने पॉल जाऊन वर्ष झाल्यावर. ती बिचारी ओळखी-पाळखीच्या माणसाऐवजी बदली कामगाराशी साखरपुडा करून बसली? आणि तिला कळलं नाही? नवऱ्याने चष्म्याची फ्रेम बदलली तरी आम्हाला दारातून कळतं.

गनिमी

जुलै १९६८ मध्ये तिने मोडलं की लग्न. तेव्हा कळलं असेल. :)

पेशवाईप्रेमी

बायकोचा मुद्दा आला म्हणून राहवत नाही. आपल्याकडे याच्या उलटा खटला होऊन गेलाय. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण मुंडक्याच्या, धडाच्या ओळखीचे घोळ, पुण्याला आलेल्या उलटसुलट बातम्या, यामुळे लोकांना ते खरं वाटेना. मग उत्तरेतून एक माणूस 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिला. चौकशी झाली, कैद झाली, रत्नागिरीला ठेवला. १७७६ मध्ये तिथून सुटला तो किल्ल्यांमागून किल्ले घेत सुटला. चांगले चांगले सरदार त्याला मुजरा करू लागले. शेवटी आंग्र्यांनी पकडून दिला आणि पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. पार्वतीबाईंनी मात्र १७८३ मध्ये जाईपर्यंत कुंकू पुसलं नाही.

इथे मेलेला जिवंत आहे म्हणून लोकांनी मानलं, तिथे जिवंत माणूस मेलाय म्हणून. मला विचाराल तर भाऊंच्या तोतयामागे माणसं गेली याला तरी कारण होतं. दुःख मोठं होतं, शिवाय नाना फडणिसांवर खार खाणारे कमी नव्हते. पॉलच्या बाबतीत ना दुःख ना राजकारण.

मधुरा_ठाणे

पेशवाईप्रेमी, छान लिहिलंत, पण कृपया धाग्याचं पानिपत करू नका. :D

जुना_मिशिगनकर

पेशवाईप्रेमी म्हणतात की राजकारण नव्हतं. ते मला मान्य नाही. मी तेव्हा अमेरिकेत ॲन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात होतो.

मेकॅनिकलमध्ये एमएस करत होतो, भारतातून येऊन फार दिवस झाले नव्हते. बीटल्सशी माझा संबंध इतकाच की शेजारच्या खोलीतून त्यांची गाणी भिंतीतून यायची. मला भीमसेन आणि वसंतराव सोडून कोणी गातं असं तेव्हा वाटत नसे, त्यामुळे या सगळ्या प्रकाराकडे मी बाहेरून बघू शकलो.

क्रम असा. १७ सप्टेंबर १९६९ ला आयोवातल्या ड्रेक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या पेपरात 'पॉल मेला का' असा लेख आला होता. आमच्याकडे त्याची कोणाला गंधवार्ता नव्हती. १२ ऑक्टोबरला, रविवारी, डेट्रॉइटच्या डब्ल्यूकेएनआर-एफएमवर रस गिबच्या कार्यक्रमात एका श्रोत्याचा फोन आला: बीटल्सचं 'रेव्होल्यूशन नाइन' उलटं वाजवून बघा. गिबने थेट कार्यक्रमात वाजवलं. 'नंबर नाइन' उलटं केलं की 'टर्न मी ऑन, डेड मॅन' ऐकू येतं म्हणे. फोनवर फोन यायला लागले.

तो कार्यक्रम ऐकणाऱ्यांत आमच्याच विद्यापीठाचा फ्रेड लाबूर होता. त्याला 'मिशिगन डेली'साठी 'ॲबी रोड'चं परीक्षण लिहायचं होतं. १४ तारखेला परीक्षणाऐवजी त्याने मृत्यूचं अख्खं वृत्तच छापून आणलं. विल्यम कॅम्बेल हे नाव त्याच्या डोक्यातून निघालेलं. बीटल्सच्या गाण्यातला 'वॉलरस' म्हणजे ग्रीकमध्ये प्रेत, हेही त्याचंच. ग्रीकमध्ये असलं काही नाही. सकाळीच अंक संपले, पुन्हा छापावे लागले. आठवड्याभरात गोष्ट न्यूयॉर्कच्या रेडिओवर पोचली. तिथे एक निवेदक मध्यरात्रीनंतर यावर बोलत सुटला तर त्याला चालू कार्यक्रमातून उठवलं, आणि त्याला उठवलं म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असा निष्कर्ष आमच्या मजल्यावर निघाला.

आता राजकारणाचं. लाबूरचा लेख आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १५ ऑक्टोबरला, देशभर व्हिएतनाम युद्धाविरोधी मोरेटोरियम, म्हणजे निषेधाचा बंद होता. वर्ग ओस पडले होते. पोरांना सैन्यभरतीच्या पत्राची धास्ती, आणि सरकार रोज सांगतंय की युद्ध आटोक्यात आहे. केनेडींच्या खुनावरचा वॉरन आयोगाचा अहवाल पाच वर्षांपूर्वी आला होता, त्यावर विश्वास ठेवणारा आमच्या कँपसवर शोधावा लागे. मोठी माणसं एकत्र बसून धादांत खोटं बोलू शकतात, हे त्या पोरांना अनुभवाने माहीत होतं. बीटल्सच्या कंपनीने 'पॉल ठणठणीत आहे' म्हटल्यावर ती का ऐकतील? माझा शेजारी मूर्ख नव्हता, फिजिक्समध्ये पहिला यायचा. तो रेकॉर्ड बोटाने उलटी फिरवत बसे आणि मला म्हणे, 'ऐक, ऐक, हे बघ!'

ढ_विद्यार्थी

काका, तुम्हाला ऐकू आलं का मग? 'डेड मॅन'?

जुना_मिशिगनकर

त्याने सांगायच्या आधी नाही. सांगितल्यावर आलं.

डॉ_कर्णपिशाच्च

काकांच्या या दोन वाक्यांत सगळा अभ्यासक्रम आला. उलटं वाजवलेलं बोलणं म्हणजे कानाच्या दृष्टीने अर्धवट अक्षरांचा चिखल. मेंदूला चिखल चालत नाही, तो ओळखीचा शब्द शोधतो. कोणी शब्द हातात दिला की तो तिथे बसवून मोकळा होतो, आणि एकदा बसवला की काढता येत नाही. घरी करून बघा. कुठलंही मराठी गाणं मोबाइलच्या ॲपवर उलटं करा आणि दोन जणांना ऐकवा, एकाला आधी वाक्य सांगून, दुसऱ्याला न सांगता.

'स्ट्रॉबेरी फील्ड्स' या गाण्याच्या शेवटी जॉन 'आय बरीड पॉल' म्हणतो असं भक्त सांगतात. तो स्वतः म्हणत आला की शब्द 'क्रॅनबेरी सॉस' आहेत. पुढे त्याच सत्रांच्या ध्वनिमुद्रणांत ते स्वच्छ ऐकू आले. दफनाऐवजी चटणी निघाली.

शेंगदाणा

'सैराट'चं एक गाणं उलटं केलं. बायकोने विचारलं कुकर बिघडलाय का.

खवट_खोबरं

विषय निघालाच आहे तर एक गंभीर शंका मांडतो. आपले तबकडीवाला दोनेक वर्षं इथून गायब होते, आठवतंय? आधीचे तबकडीवाला ऱ्हस्व-दीर्घाला जुमानत नसत आणि एका ओळीच्या वर लिहीत नसत. परतल्यापासून परिच्छेद पाडून लिहितात, अनुस्वार जागच्या जागी. हे तेच आहेत का?

वहिनीसाहेब

अगं बाई! आणि आधी प्रोफाइलला रेकॉर्ड प्लेअर होता, आता रिकामी खुर्ची आहे!

गनिमी

खुर्ची आरामखुर्ची आहे. आराम. चिरविश्रांती. वर्तुळ पूर्ण.

ढ_विद्यार्थी

आणि त्यांनी वर सॅंडलबद्दल एवढं सविस्तर का लिहिलं? पाय मोकळे करायचेत का मनाला?

तबकडीवाला

मोतीबिंदू काढला. आता टाइप केलेलं दिसतं. खुर्ची नवीन घेतली म्हणून कौतुकाने फोटो लावला.

खवट_खोबरं

खरे तबकडीवाला इतक्या शांतपणे उत्तर देत नसत. शिव्या घालत. डुप्लिकेट आयडी नक्की.

गनिमी

बघा, मधुराताई, अर्ध्या तासात चार पुरावे. आणि यातला एकही कोणी खोटा बनवला नाही हे लक्षात घ्या. खुर्ची आहे, अनुस्वार आहेत, रजा होती. फक्त जुळवणी आमची.

ढ_विद्यार्थी

आमच्या पिढीचा पॉल म्हणजे ॲव्रिल लव्हीन, ते कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कॅनडाची गायिका, २००२ मध्ये 'लेट गो' हा पहिला अल्बम आला. अफवा अशी की ती त्यानंतर वर्षभरात गेली आणि मेलिसा नावाची मुलगी तिच्या जागी आणली. पुरावे: तीळ, नाकाचं टोक, आधी टाय आणि ढगळ पँट तर नंतर गुलाबी कपडे, आणि एका फोटोत तिच्या हातावर चक्क 'मेलिसा' लिहिलेलं.

उगम ब्राझीलमधला. २०११ चा पोर्तुगीज ब्लॉग, 'आव्रिल एस्ता मोर्ता' म्हणजे 'ॲव्रिल मेली आहे'. गंमत म्हणजे कटाच्या कहाण्या किती खऱ्या वाटू शकतात हे दाखवण्यासाठी हा ब्लॉग काढलाय, असं त्या ब्लॉगवरच म्हटलं होतं. ते वाक्य कोणी वाचलंच नाही. २०१७ मध्ये ट्विटरवर कोणीतरी सगळं पुन्हा मांडलं आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींनी 'मला आधीपासूनच संशय होता' म्हणून सांगितलं.

मधुरा_ठाणे

माझा भाचा याच्यावरूनच घर डोक्यावर घेऊन बसलाय! पण त्या वर्षांत ती आजारी होती ना खूप?

ढ_विद्यार्थी

हो, लाइम रोग झाला होता, २०१५ मध्ये तिनेच सांगितलं. बराच काळ अंथरुणाला खिळून होती. सतरा वर्षांची पोरगी आणि तीस-बत्तीसची आजारातून उठलेली बाई सारखी कशी दिसेल? मला हे मेलिसा प्रकरण म्हणून जरा क्रूरच वाटतं. पॉलचं चालतं, तो स्वतः मजा घेतो.

तबकडीवाला

घेतो तर. १९९३ च्या जिवंत कार्यक्रमांच्या अल्बमचं नावच 'पॉल इज लाइव्ह'. मुखपृष्ठावर तोच झेब्रा क्रॉसिंग, बरोबर कुत्रा, पायात बूट, आणि गाडीच्या प्लेटवर '५१ इज'. तेव्हा तो ५१ चा होता.

(अनुस्वार मुद्दाम तपासून दिलेत.)

वहिनीसाहेब

५१ पूर्ण. बावन्नावं चालू.

कोपऱ्यातला_मी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधुराताईंच्या मूळ प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही, म्हणून.

भक्तांचं नेहमीचं उत्तर असं की बाकी तिघांना टोचणी लागली होती, उघड बोलता येईना म्हणून चित्रांतून सांगितलं. ऐकायला बरं वाटतं. पण खुणा कोणी सोडल्या याचा माग काढला तर तो लंडनला जातच नाही. तो जातो ॲन आर्बरच्या त्या मुलाच्या टेबलाशी. नोव्हेंबर १९६९ मध्ये अमेरिकी टीव्हीसाठी या प्रकरणाचा लुटुपुटूचा खटला चित्रित झाला. एफ. ली बेली हा त्या काळचा नावाजलेला वकील साक्षी घेत होता. लाबूरला साक्षीला बोलावलं. त्याने आधीच बेलीला सांगून टाकलं की साहेब, मी हे रचलंय. बेलीचं म्हणणं पडलं की तासाभराचा कार्यक्रम करायचाय, तेव्हा निभावून ने. हा लाबूर पुढे 'टू स्लिम' नावाने काउबॉय गाणी गाणाऱ्या 'रायडर्स इन द स्काय'मध्ये बास वाजवू लागला. बदली माणूस निर्माण करणारा स्वतःच बासवादक झाला आणि तोही वेगळ्या नावाने. गनिमींनी याची नोंद घ्यावी.

म्हणजे खुणा आधी आणि कथा नंतर असं झालं नाही. कथा सुटली आणि मग लाखभर माणसं घरातल्या रेकॉर्डी काढून खुणा शोधायला बसली. ज्या रेकॉर्डी ऐकून झाल्या होत्या त्या पुन्हा नव्या झाल्या. 'सार्जंट पेपर' आणि 'मॅजिकल मिस्टरी टूर' त्या हिवाळ्यात विक्रीच्या यादीत परत वर आल्या. म्हणून कंपनीनेच हे केलं असंही म्हणतात, मला ते पटत नाही. पुढच्या रेकॉर्डच्या तारखा धड ठरवता येत नव्हत्या त्या मंडळींना, कट कुठला रचतायत.

मला यात वेगळीच गोष्ट चटका लावते. 'लाइफ' मासिकाने पॉलला शोधायला माणसं स्कॉटलंडला पाठवली. तो बायको-पोरींना घेऊन शेतावर जाऊन राहिला होता. धाकटी मेरी ऑगस्टचीच, दोन-अडीच महिन्यांची. आधी तो भडकला, छायाचित्रकारावर बादलीभर पाणी फेकलं, त्याचाही फोटो निघाला. मग तो फोटो परत मिळण्याच्या बोलीवर मुलाखत दिली, कुटुंबासकट फोटो दिले. ७ नोव्हेंबर १९६९ चा अंक, मुखपृष्ठावर 'पॉल अजून आपल्यात आहे'. आणि त्याच मुलाखतीत तो सरळ म्हणतो की बीटल्सचं प्रकरण संपलंय.

संपलंय! उलटं वाजवायला नको, भिंग नको. छापील इंग्रजीत, देशभर खपणाऱ्या मासिकात. जॉनने बाकीच्यांना २० सप्टेंबरलाच खासगीत सांगितलं होतं की मी बाहेर पडतोय. म्हणजे पोरं रेकॉर्डी उलट्या फिरवत होती तेव्हा बँड खरोखरच मेलेला होता. जगाला ते कळलं १० एप्रिल १९७० ला, आणि तेव्हा सगळ्यांना धक्का बसला. 'लाइफ'चा अंक घेऊन लोकांनी काय केलं? मुखपृष्ठ उजेडासमोर धरलं आणि मागच्या पानावरची मोटारीची जाहिरात पॉलच्या अंगावरून गेलेली दिसते असा नवा पुरावा काढला.

जुना_मिशिगनकर

हे अगदी खरं. आमच्या मजल्यावर तो अंक दिव्यासमोर धरलेला मी पाहिलाय. मुलाखत कोणी वाचली असेल असं वाटत नाही. मीही वाचली नाही.

मधुरा_ठाणे

कोपऱ्यातले, तुम्ही जास्त वेळा लिहीत जा हो. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि ते मला वाटलं होतं त्यापेक्षा वाईट आहे. मी धरून चालले होते की खुणा त्यांनी कोणासाठी तरी ठेवल्या.

फोंड्याचो

गाण्याच्या अंगाने एकच जोडतो. १९६६ नंतरचं त्या माणसाचं काम बघा: 'पेनी लेन', 'ब्लॅकबर्ड', 'हे ज्यूड', 'लेट इट बी'. आवाज खरबरीत व्हावा म्हणून 'ओह! डार्लिंग' गायला दिवसेंदिवस स्टुडिओत लवकर येऊन एकेक टेक देत होता. डावखुरा, बास वाजवणारा, त्याच आवाजाचा, त्याच चेहऱ्याचा आणि वर 'हे ज्यूड' लिहिणारा दुसरा माणूस इंग्लंडात मोकळा फिरत असेल, तर खऱ्या पॉलपेक्षा मला त्याचंच जास्त कौतुक वाटेल.

गनिमी

बरं, हरलो असं समजा. पण जाता जाता: पॉलचं ते स्कॉटलंडमधलं शेत कोणत्या गावाजवळ आहे, ठाऊक आहे? कॅम्बेलटाउन. आणि बदली माणसाचं नाव काय होतं?

शेंगदाणा

अरे देवा.

पेशवाईप्रेमी

हा योगायोग नाही. (भक्तांत सामील)

तबकडीवाला

गनिमी, कॅम्बेल हे स्कॉटलंडमधलं बक्कळ आढळणारं आडनाव आहे. त्या भागात त्यांचीच जहागीर होती.

खवट_खोबरं

बघा, शिव्या न घालता. मी सांगत होतो.

ढ_विद्यार्थी

एक विचारायचं राहिलं. रिंगोचा जन्म १९४० चा ना? आत्ताच त्याचा एक व्हिडिओ पाहिला. ढोल बडवतोय, उड्या मारतोय, केस काळेभोर. या वयात हे शक्य आहे का?

मधुरा_ठाणे

रिंगोसाठी वेगळा धागा काढा. इथे नको.